डेटा संरक्षण मंडळ, भारतीय

व्यक्तीच्या डिजिटल स्वरूपातील खासगी माहितीचा भंग झाल्यास चौकशी करून दंड आकारणारी केंद्रीय संस्था. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये तिची तरतूद असून नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच, तर बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात.

या संरक्षणाचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक खरक सिंग खटल्यातील (१९६२) न्या. सुब्बा राव यांच्या, खासगीपणाचा हक्क मानणाऱ्या अल्पमतापर्यंत मागे जातात. बहुतेकजण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिलेला, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा पुट्टस्वामी निकाल प्रमाण धरतात. मूलभूत हक्कापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र साठवलेल्या माहितीचा प्रश्न त्याआधीच गोव्यातून उभा राहिला होता, आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वास्को येथील शाळकरी मुलीवरील अत्याचाराच्या तपासात केंद्रीय अन्वेषण विभागाने आधार प्राधिकरणाकडे बोटांच्या ठशांची माहिती मागितली. स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती देण्याचा आदेश दिला (२०१३). हा साठा नागरी कामासाठी आहे, गुन्ह्याच्या तपासासाठी नाही, अशी भूमिका घेऊन प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २०१४ च्या अंतरिम आदेशाने, व्यक्तीच्या लेखी संमतीविना तिची जैवमापन माहिती (बोटांचे ठसे इत्यादी) कोणत्याही यंत्रणेला देण्यास मनाई झाली. त्या वेळी असा अंकुश ठेवणारा नियामक देशात नव्हता. आधारचा कायदाही २०१६ मध्ये आला. गुन्हा इतका गंभीर असतानाही न्यायालयाने संमतीची अट घातली, यातच या आदेशाचे महत्त्व आहे.

डेटा संरक्षणाविषयीच्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात स्वतंत्र प्राधिकरण सुचवले होते. २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि नव्या कायद्यातील मंडळाचे अधिकार आक्रसले. नियम केंद्र सरकार करते, सदस्यही तेच नेमते. मंडळाने चौकशी करायची ती मुख्यतः माहितीभंगाची सूचना, पीडिताची तक्रार किंवा सरकारचा संदर्भ आल्यावर. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. पण तो भारताच्या संचित निधीत जमा होतो, पीडिताला भरपाई मिळत नाही. ही उणीव लहान नाही. अपील दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे.

मंडळाचे काम ऑनलाइन चालावे, अशी योजना आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. म्हणजे पाहुण्यांची ओळखपत्रे संगणकात जमा करणाऱ्या कळंगुटच्या हॉटेलाला, संमती घेताना, कोकणी व मराठी दोन्हींचा पर्याय ठेवावा लागेल.

वास्कोसारख्या प्रसंगी मात्र मंडळाचा उपयोग मर्यादित राहील. गुन्ह्याच्या तपासासाठी होणाऱ्या वापराला संमतीची अट २०२३ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने शिथिल केली आहे, आणि अधिसूचित सरकारी यंत्रणांना पूर्ण सूटही मिळू शकते. मूळ जैवमापन माहिती कोणालाही देण्यास आधार कायद्याचे कलम २९ मनाई करते, तेवढे कवच शिल्लक आहे. त्यापलीकडे सरकारी यंत्रणेविरुद्ध गोमंतकीयाला पर्वरी येथील उच्च न्यायालयात रिट याचिकेचाच मार्ग राहतो.