बुकमोल कुणी ‘बोलत’ नाही

नाटक शिकणारी मुलं नॉर्वेजियन भाषेकडे वळली की हमखास ऐकतात: नॉर्वेत शहरी लोक बुकमोल बोलतात, खेडूत नीनोर्स्क. हे चूक आहे. दोन्ही लिहिण्याची रूपं आहेत. बोलताना जो तो आपली बोली बोलतो, बर्गनची किंवा ट्रॉन्डहाइमची. अधिकृत प्रमाण उच्चार असा ठरवलेलाच नाही.

नटाला हा फरक कळलाच पाहिजे. ओस्लोकडे ‘शेतकरी’ आणि ‘प्रार्थना’ या अर्थांच्या अनेकवचनी शब्दांचे ध्वनी सारखेच, अर्थ बदलतो तो सुराने. पश्चिमेकडच्या बोलींत त्या सुरांची चढउतारही वेगळी. छापील संहितेत यातलं काही दिसत नाही, ते कानांनीच शिकावं लागतं.

नीनोर्स्क रंगभूमीवर चालत नाही, हेही खोटं. ओस्लोचं ‘दे नोर्स्के तेआत्रे’ १९१३ पासून त्यातच नाटकं करतं, आणि २०२३चे नोबेल मानकरी यून फॉसे त्यातच लिहितात.

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं १८७९चं ‘अ डॉल्स हाउस’, म्हणजे नोराचं नाटक, मात्र डॅनिशला अगदी जवळच्या लेखनभाषेत आहे. पहिला प्रयोगही कोपनहेगनचा. आपली ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) ज्यांच्या नाटकावरून आली, त्या ब्यर्नसनचंही तसंच. बुकमोल त्याच लेखनभाषेतून घडलं, म्हणून मूळ संहिता वाचायला बुकमोलपासून सुरुवात करा, पण संवाद म्हणायला एक बोली निवडा आणि तिच्याशी प्रामाणिक राहा.