विणीतला शोध आणि पेटंटचा दावा

भिवंडीचे यंत्रमाग आणि रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातले इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे कारखाने एकाच ठाणे जिल्ह्यात आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध सहसा येत नाही. हृदयाचे ठोके, श्वासाची गती किंवा त्वचेचे तापमान टिपणारे संवेदक ज्याच्या कापडातच बसवलेले आहेत असा कपडा तयार करायचा असेल, तर मात्र या दोघांना एकत्र बसावे लागते, कारण अशा कपड्यातल्या सगळ्या अडचणी कापड आणि वीज जिथे भेटतात तिथेच निर्माण होतात. पेटंटच्या दृष्टीने याला मोठे महत्त्व आहे. अशा कपड्याचे पेटंट मिळेल का, मिळाले तर टिकेल का आणि टिकले तर त्याचा उपयोग होईल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या भेटीच्या जागेचे वर्णन अर्जात किती नेमके केले आहे यावर अवलंबून असतात.

‘हृदयाचे ठोके मोजणारा बनियन’ ही कल्पना आता कोणाच्याच मालकीची होऊ शकत नाही. मद्रास विद्यापीठातून वस्त्र-तंत्रज्ञान शिकलेले सुंदरेसन जयरामन आणि त्यांच्या सहकारी सुंगमी पार्क यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत १९९६ मध्ये तिथल्या नौदलाच्या निधीवर असा सदरा विणायला घेतला. सैनिकाला गोळी लागली तर ती कुठे लागली हे कळावे आणि त्याच वेळी त्याच्या नाडीची व श्वासाची माहिती मिळत राहावी, हा त्यामागचा हेतू होता. त्यासाठी कापडात प्रकाशीय तंतू आणि वीजवाहक धागे घातले होते. कापड बेतून शिवताना बाह्यांच्या आणि गळ्याच्या जागी कात्री लावावी लागते, आणि कात्री लागली की तंतू तुटतो, त्याबरोबर संदेशाचा मार्गही तुटतो. म्हणून त्यांनी संपूर्ण सदराच मागावर घडवण्याची पद्धत शोधली आणि अमेरिकेत २००० व २००२ मध्ये मंजूर झालेल्या त्यांच्या पेटंटांपैकी एक नेमके या विणण्याच्या पद्धतीचे आहे. ही पेटंटे प्रसिद्ध झाली त्या दिवसापासून ‘संवेदक असलेला सदरा’ ही कल्पना जगभरच्या ज्ञात माहितीचा भाग झाली. त्यानंतर येणाऱ्याने सांगायचे ते इतकेच की, अशा सदऱ्यातली कोणती अडचण आजवर सुटलेली नव्हती आणि ती आपण कशी सोडवली.

अडचणी पुष्कळ आहेत, आणि त्या जवळून पाहिल्याशिवाय पेटंटचा मुद्दा कळत नाही. ईसीजी काढताना छातीच्या त्वचेवर मिळणारा विद्युत संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका असतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर कोरडा आणि मृत पेशींचा असल्यामुळे विजेला फार विरोध करतो. दवाखान्यात म्हणूनच जेल लावतात किंवा जेल भरलेली चिकटपट्टी वापरतात. कपड्यात जेल चालत नाही. तिथे चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्याचा दोन-तीन इंचांचा पट्टा बनियनच्या आतल्या बाजूला विणतात आणि त्याच्या पाठीमागे टिचबटण बसवून त्यावर छोटी इलेक्ट्रॉनिक डबी अडकवतात. हा पट्टा अंगाला टेकून राहतो तोवर लहर नीट येते. माणूस जिना चढू लागला, वाकला किंवा त्याने हात वर केला की पट्टा त्वचेवरून किंचित सरकतो, आणि त्या सरकण्याने निर्माण होणारा खोटा संकेत खऱ्या संकेतापेक्षा मोठा असू शकतो. भोवतालच्या वायरिंगमधून घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्या संकेतात मिसळते ती वेगळीच. नवी मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर येतो आणि त्यातल्या क्षारांमुळे संपर्क सुधारतो, हा आपल्या हवामानाचा फायदाच म्हणायचा. पण तोच घाम दोन पट्ट्यांमधल्या साध्या कापडात झिरपला तर त्यांच्यामध्ये नको असलेला मार्ग तयार होतो, आणि चांदीही त्याने हळूहळू काळवंडते.

धुलाई ही सर्वांत कठीण परीक्षा. धाग्यावरचा चांदीचा थर अतिशय पातळ असतो. यंत्रात कपडा पिळला, घासला आणि दुमडला गेला की त्या थराला सूक्ष्म तडे जातात आणि दर धुलाईबरोबर धाग्याचा विद्युतरोध वाढत जातो. पोलादाच्या बारीक तंतूंचा धागा धुलाईत टिकतो, पण तो ताठ असतो, त्वचेला बोचतो आणि मागाच्या किंवा विणयंत्राच्या भागांची झीज करतो. टिचबटणाच्या कडेला, जिथे मऊ कापड संपून कडक धातू सुरू होतो, तिथे सगळा ताण एकवटतो आणि कपडा बहुधा तिथेच नादुरुस्त होतो. पट्ट्यामागे फोमचा पातळ थर देणे, तेवढ्याच जागी वीण घट्ट करून दाब वाढवणे, दुहेरी कापड विणून वाहक धागा मधल्या पोकळीतून नेणे, उभा वाहक धागा आणि आडवा वाहक धागा हव्या त्याच ठिकाणी एकमेकांना टेकतील अशी रचना मागावरच साधणे, असे उपाय कारागीर आणि अभियंते करून पाहतात. पेटंट मिळण्याजोगे जे काही असते ते माझ्या मते बहुतांशी याच उपायांमध्ये दडलेले असते.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याची भाषाही हेच सांगते. शोध नवीन हवा, उद्योगात वापरता येण्याजोगा हवा आणि त्यात कल्पक पायरी हवी, म्हणजे आधीच्या ज्ञानापेक्षा त्यात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असले पाहिजे आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला तो सहज सुचणारा नसावा. त्यापुढचे कलम ३(फ) तर अशा कपड्यांसाठीच लिहिले असावे असे वाटते, इतके ते इथे लागू पडते. प्रत्येक साधन आपापले ठरलेले काम स्वतंत्रपणे करत असेल, तर अशा ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध नव्हे, असे ते कलम सांगते. बाजारातला बनियन घेतला, बाजारातला संवेदक घेतला आणि एक दुसऱ्यावर शिवला, तर बनियन अंग झाकतो, संवेदक ठोके मोजतो, आणि अर्ज तपासणारा पेटंट कार्यालयाचा परीक्षक कलम ३(फ) चा आक्षेप घेतो. त्या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर कापड आणि संवेदक एकमेकांच्या कामात भर घालतात हे दाखवावे लागते: विणीचा ताण असा आहे की छाती फुगल्यावर पट्टा सरकण्याऐवजी अधिक घट्ट टेकतो, आणि म्हणून खोटा संकेत घटतो.

हा फरक दाव्याच्या शब्दांत उतरला पाहिजे. पेटंटचे संरक्षण अर्जाच्या शेवटी लिहिलेल्या दाव्यांना मिळते. आधीचे वर्णन कितीही सुंदर असले तरी हक्काची हद्द दावाच ठरवतो. समजा कोणी लिहिले, ‘हृदयाचे ठोके टिपणारा, संवेदकयुक्त कपडा’. हा दावा इतका पसरट आहे की वीस वर्षांपूर्वीचे कोणतेही पेटंट त्याला पाडू शकेल. याउलट असे लिहिले की, ‘छातीभोवती बसणारा लवचीक पट्टा, ज्यात वाहक धाग्याचा भाग शेजारच्या भागापेक्षा कमी ताणला जाणाऱ्या विणीचा आहे, त्या भागामागे ओलावा धरून ठेवणारा थर आहे आणि दोन वाहक भागांच्या मध्ये पाणी न शोषणाऱ्या धाग्याची आडवी पट्टी विणलेली आहे’, तर परीक्षकाला तपासायला काहीतरी ठोस मिळते आणि नक्कल करणाऱ्यालाही आपण कोणती रेषा ओलांडतो आहोत हे कळते. हे उदाहरण केवळ समजावण्यासाठी आहे. प्रत्यक्ष दाव्यातला प्रत्येक शब्द जाणकार पेटंट एजंटकडून तपासून घ्यावा.

बारीक रचनेवरच्या दाव्यात किती ताकद असते हे मनगटावरच्या घड्याळांच्या एका खटल्यात दिसले. रक्तातला प्राणवायू मोजण्याच्या तंत्रावरून मॅसिमो आणि ॲपल या कंपन्यांमध्ये झालेल्या वादात अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲपलच्या काही घड्याळांच्या आयातीवर बंदीचा आदेश दिला, आणि त्या डिसेंबरात दोन नव्या मॉडेलांची अमेरिकेतली विक्री ॲपलला काही काळ थांबवावी लागली. वादातल्या दाव्यांमध्ये प्रकाश देणारे दिवे, प्रकाश टिपणारे घटक आणि त्यांच्यावरचा त्वचेला टेकणारा फुगीर भाग यांची मांडणी वर्णिलेली होती. प्राणवायू मोजण्याची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आपल्याकडे आणखी दोन कलमे वाटेत उभी असतात. कलम ३(आय) प्रमाणे माणसावरील उपचाराच्या आणि निदानाच्या प्रक्रियेला पेटंट मिळत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ‘निदान’ या शब्दाचा अर्थ रोग उघड करणाऱ्या प्रक्रियेपुरता मर्यादित ठेवला, तरी ‘कपडा घालून हृदयविकार ओळखण्याची पद्धत’ असा दावा धोक्याचाच आहे. निदानाच्या साधनाला ही मनाई नाही, म्हणून दावा कपड्याचा करावा. कलम ३(के) निव्वळ संगणकप्रणाली आणि गणितीय रीती वगळते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ च्या फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम घडवणाऱ्या प्रणालींना जागा दिली असली, तरी ज्याचा शोध विणीत आहे त्याने आकडेमोडीच्या मागे लपण्याचे कारण नाही.

एका चुकीकडे मात्र फार दुर्लक्ष होते. कपडा, मोबाइल आणि दूरचा सर्व्हर या तिघांना मिळून एकच दावा लिहिण्याचा मोह होतो, कारण उत्पादकाच्या मनात ती सगळी एकच व्यवस्था असते. पण नक्कल करणारा फक्त कपडा विकतो, मोबाइल गिऱ्हाइकाचा असतो आणि सर्व्हर कदाचित परदेशात असतो. मग दाव्यातले सगळे घटक एकत्र वापरणारा नेमका कोण, हे न्यायालयात सिद्ध करणे दुरापास्त होते. नुसत्या कपड्यावर स्वतंत्र दावा असेल तर उल्हासनगरच्या दुकानातून तो विकत घ्यावा, उसवावा आणि आतली वीण दाखवावी, एवढे पुरते. विणण्याच्या प्रक्रियेवरचा दावा हवाच, पण दुसऱ्याच्या शेडमध्ये माग कसा चालतो हे बाहेरून दिसत नाही, म्हणून तो एकटा पुरत नाही.

वेळेचा प्रश्न याहून कडक आहे. अर्ज करण्याआधी शोध लोकांसमोर आला तर नवीनता संपते, मग तो शोधकाने स्वतःच आणलेला का असेना. वाशीच्या प्रदर्शन केंद्रात मांडलेला नमुना, महाविद्यालयाच्या महोत्सवात वाटलेले पत्रक, समाजमाध्यमावर टाकलेली चित्रफीत, गिऱ्हाइकाला विकलेली पहिली खेप, या सगळ्यांतून शोध उघड होतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती इतकी अरुंद आहे की तिच्यावर विसंबून कोणी नमुना मांडू नये. त्यापेक्षा तात्पुरते विवरण, म्हणजे शोधाचे सुरुवातीचे लेखी वर्णन, दाखल करावे. त्यात दावे लिहावे लागत नाहीत, शोधाची तारीख पक्की होते आणि संपूर्ण विवरणासाठी बारा महिने मिळतात. व्यक्ती, नवउद्योग, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. महाराष्ट्राचे अर्ज ज्या कार्यालयाच्या कक्षेत येतात ते मुंबईत अँटॉप हिलला आहे. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती २०२४ च्या नियमबदलानंतर एकतीस महिन्यांच्या आत करावी लागते. आणि मंजूर झालेले पेटंट, वार्षिक शुल्क भरत राहिल्यास, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालते.

ते बारा महिने कसे वापरले जातात यावर मला फार भर द्यावासा वाटतो. आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत चांगली रीत संपूर्ण विवरणात उघड करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथे नुसते ‘धुलाईत टिकते’ असे लिहून भागत नाही. कोणता धागा, किती जाडीचा, एका इंचात किती टाके, कोणत्या साबणाने आणि किती तापमानाला धुतला, दर धुलाईनंतर रोध किती भरला, साध्या विणीचा तुकडा शेजारी ठेवून त्याचे आकडे काय आले, ही तुलना ज्या विवरणात असते ते कल्पक पायरीच्या आक्षेपाला स्वतःच उत्तर देते. या नोंदी करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. चांगला मल्टिमीटर, धुलाईयंत्र आणि तारीखवार वही लागते.

कपड्याचे बाह्यरूप, म्हणजे पट्ट्यांचा आकार किंवा नक्षी, २००० च्या डिझाइन कायद्याखाली वेगळे नोंदवता येते आणि त्याचे संरक्षण आधी दहा आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे चालते. पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. हा कपडा रोग ओळखतो असे सांगून विकायचा असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात.

राहिला शोधकाच्या नावाचा प्रश्न. अर्ज बहुधा महाविद्यालय किंवा कंपनी करते आणि शोधक म्हणून प्राध्यापक, विद्यार्थी, संस्थापक यांची नावे लिहिली जातात. पण पाणी न शोषणारा आडवा धागा कुठे टाकला की वाहक धागे एकमेकांना टेकत नाहीत, हे अनेकदा भिवंडीच्या शेडमधल्या जॉबरने, म्हणजे माग लावून देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, मागावर हात ठेवून शोधलेले असते. सांगितल्याप्रमाणे कापड विणून देणारा शोधक ठरत नाही, हे खरे. मात्र दाव्यात लिहिलेली रचना ज्याला सुचली तो कायद्याच्या दृष्टीने शोधक आहे, मग त्याचे शिक्षण कितीही असो आणि त्याची मजुरी दिलेली असो वा नसो. मालकी करारपत्राने कंपनीकडे देता येते. शोधक म्हणून नाव लागण्याचा हक्क कलम २८ ने त्याला स्वतंत्रपणे दिला आहे, आणि त्याची मागणी पेटंट मंजूर होण्यापूर्वी करावी लागते.