टॅग वेगळा, परवानगी वेगळी: लग्नाचे फोटो छोट्या व्यावसायिकांना देताना

लग्न होऊन दोन दिवस झाले की स्टुडिओच्या फोनवर निरोप सुरू होतात. फुलांची सजावट करणारी विचारते, "दादा, स्टेजचे फोटो द्याल का? तुमचं नाव नक्की टाकते." मेकअपवाली विचारतही नाही. नवरीच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट घेते, खाली स्टुडिओचं नाव लिहिते आणि पोस्ट करून मोकळी होते. दोघींचा हिशोब एकच: नाव टाकलं की फोटो वापरायला हरकत नाही. स्टुडिओचा हिशोब याच्या उलट्या टोकाचा आणि तितकाच चुकीचा: पोस्टमध्ये सगळ्यांना टॅग केलं की आसपासच्या छोट्या व्यावसायिकांना हातभार लावून झाला.

श्रेयातून कळतं की काम कोणाचं आहे. परवानगीतून ठरतं की फोटो कोणी, कुठे आणि किती काळ वापरायचा. कॉपीराइटच्या व्यवहारातही हे दोन हक्क वेगळे धरले जातात. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ साली रोमला जी दुरुस्ती झाली, तिने ६ बिस (सहाव्या कलमाला जोडलेलं) हे कलम आणलं. कर्त्याचा आपल्या नावावरचा दावा आर्थिक हक्कांपासून स्वतंत्र आहे आणि ते हक्क दुसऱ्याला देऊन टाकल्यावरही तो उरतो, असं ते कलम म्हणतं. म्हणजे नाव लिहून वापराचा हक्क मिळत नाही, आणि वापराचा हक्क विकत घेऊन नाव पुसताही येत नाही.

मुळात परवानगी द्यायची कोणी?

इथे बरेच स्टुडिओ फसतात, कारण उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत स्वतंत्र फोटोग्राफरने काढलेल्या लग्नाच्या फोटोचा कॉपीराइट, लेखी करारात वेगळं ठरलं नसेल तर, फोटोग्राफरकडे राहतो. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही मालकी फोटोग्राफरचीच, पण खासगी, घरगुती कामासाठी काढून घेतलेले फोटो लोकांसमोर मांडायला हरकत घेण्याचा हक्क ते काढायला सांगणाऱ्याला आहे. भारतात १९५७ च्या कायद्याचं कलम १७ आणखी पुढे जातं: कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. तिथे करारात एक ओळ नसेल तर फुलवालीला "घे की" म्हणणारा स्टुडिओ आपल्या मालकीची नसलेली वस्तू वाटत असतो. देश कोणताही असो, बुकिंगच्या कागदावर तीन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात: स्टुडिओने स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापरणं, लग्नात काम केलेल्या व्यावसायिकांना देणं, आणि व्यावसायिकांना फक्त चेहरे नसलेले फोटो देणं. तिसऱ्या चौकटीवर जोडपी सहसा चटकन टिक करतात, आणि सजावटवाल्याचं किंवा पत्रिका छापणाऱ्याचं काम तेवढ्यावर भागतं.

टॅगने काय होतं, काय होत नाही

इंस्टाग्रामवर टॅग केलं की तो फोटो समोरच्याच्या प्रोफाइलवर टॅग केलेल्या फोटोंच्या वेगळ्या कप्प्यात जातो. त्याच्या मुख्य पानावर तो दिसत नाही, आणि तो कप्पा उघडून पाहणारे थोडेच. एका पोस्टमध्ये २० खाती टॅग करता येतात, म्हणून काही जण वीसही भरतात. मग खरं काम केलेले सहा जण त्या गर्दीत हरवतात. कोलॅब पोस्टचं, म्हणजे दोन खात्यांनी मिळून टाकलेल्या पोस्टचं, तसं नाही. समोरच्याने होकार दिला की ती दोघांच्याही मुख्य पानावर येते, लाइक आणि कमेंट एकत्र मोजल्या जातात. पण फाइल स्टुडिओच्याच ताब्यात असते. उद्या स्टुडिओने पोस्ट काढून टाकली की ती तिकडूनही जाते. वेबसाइट, छापील पत्रक, ग्राहकासमोर उघडायचा अल्बम यांतलं काहीच टॅग किंवा कोलॅबमधून तयार होत नाही. नव्या ग्राहकाला आपलं काम दाखवायची वेळ येते तेव्हा सजावटवालीला स्वतःच्या हातात फोटो लागतो.

तरीही श्रेय नीट द्यायलाच हवं, आणि त्यात सर्वाधिक चुका नावांच्या होतात. लग्नाच्या साधारण आठवडाभर आधी जोडप्याकडून व्यावसायिकांची यादी मागवावी आणि प्रत्येक खातं उघडून पाहावं. मिळत्याजुळत्या नावाची खाती भरपूर असतात. दुसरी चूक पोटकंत्राटाची. सजावटीचं काम एकाने घेतलेलं असतं, फुलं दुसरीने बांधलेली असतात, दिवे तिसऱ्याने लावलेले असतात. जोडप्याला फक्त पहिलं नाव माहीत असतं. कार्यक्रमाच्या ठिकाणी तयारी चालू असताना "हे कोणी बांधलं?" एवढं विचारलं तरी ज्या माणसाला श्रेयाची सर्वांत जास्त गरज आहे त्याचं नाव कळतं. स्टुडिओच्या संकेतस्थळावर लग्नाचं पान टाकत असाल तर नावासोबत त्यांच्या संकेतस्थळाचा दुवाही द्यावा. शोधयंत्रात तो टॅगपेक्षा जास्त काळ कामाला येतो.

वापरता येईल अशी फाइल

खरी मदत इथे आहे, आणि मेहनतही. जोडप्यासाठी काढलेला फोटो व्यावसायिकाला बऱ्याचदा निरुपयोगी असतो. स्टेजच्या फोटोत पन्नास माणसं उभी असतात, पत्रिका धूसर पार्श्वभूमीत गेलेली असते.

पाहुणे यायच्या आधीची दहा मिनिटं राखून ठेवली तर पुरतं. सजावटीचे तीन अंतरांवरून तीन फोटो: २४ किंवा ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर समोरून सरळ, उभ्या रेषा उभ्याच राहतील असा पूर्ण देखावा, ५० वर एक कोपरा, ८५ किंवा १०० च्या मॅक्रोवर (अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सवर) फुलांची बांधणी. पत्रिका खिडकीजवळ सपाट ठेवून वरून टिपावी, पण प्रकाश बाजूने तिरका यायला हवा, नाहीतर उठावाची छपाई दिसत नाही. सोनेरी फॉइल समोरून काळं पडतं. त्याच्यासमोर पांढरा कागद धरला की त्याचं प्रतिबिंब पडून सोनं उजळतं.

एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात ते दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा, ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. मंद करता येणाऱ्या काही दिव्यांची लुकलुक स्वतःच्याच वेगाने चालते. तिथे शटर आणखी हळू करून पाहावं, किंवा कॅमेऱ्यात सोय असेल तर शटरचा वेग बारीक पायऱ्यांनी बदलत पट्टे जातात का बघावं.

एडिटिंगमध्ये मात्र स्टुडिओच्या शैलीला आवर घालावा लागतो. उबदार, मळकट छटेचा प्रीसेट (एडिटिंगची आधीच ठरवून ठेवलेली मांडणी) जोडप्याच्या अल्बमला शोभतो. फुलवालीच्या पांढऱ्या गुलाबांना तो पिवळं करतो आणि हिरव्या पानांना तपकिरी. त्या फोटोवरून ऑर्डर देणारा ग्राहक मग म्हणतो, रंग वेगळाच आला. सजावटीचा पहिला फोटो ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरून काढावा, त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल असा रंगाचा तोल, बसवावा आणि व्यावसायिकांचा संच प्रीसेटशिवाय निर्यात करावा. जांभळ्या एलईडीत न्हालेलं स्टेज ग्रे कार्डनेही सुधारत नाही. म्हणून ते दिवे लागायच्या आधीच उरकावं. मेकअपवालीच्या फोटोवर त्वचा गुळगुळीत करणारं रिटचिंग करू नये. तिची कलाकुसर त्यातच पुसली जाते. खिडकीच्या मऊ प्रकाशातला, रिटचिंग नसलेला एक जवळचा चेहरा तिला दहा चकचकीत फोटोंपेक्षा उपयोगी. चेहऱ्याचा फोटो असल्याने त्याला बुकिंगच्या कागदावरची दुसरी, व्यावसायिकांना फोटो देण्याची, चौकट लागते, हे मात्र विसरू नये.

आकारमान दोन ठेवावेत. सोशल मीडियासाठी १०८० बाय १३५० पिक्सेल. छपाईसाठी पूर्ण फाइल, कारण ए४ पानावर ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. लोक फोनवरचा फोटो थेट छापायला देतात आणि पत्रक धुरकट का आलं म्हणून छापखान्याशी भांडतात. दोन मीटर उंचीच्या स्टँडीला (उभ्या फलकाला) एवढी घनता लागत नाही. ती लांबून पाहिली जाते, म्हणून ६००० पिक्सेल लांबीची फाइल चालून जाते. रंगपट्टा एसआरजीबीच (पडद्यांवर सर्वसाधारणपणे चालणारा) असावा. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल रंगव्यवस्थापन नसलेल्या ठिकाणी फिकी, उतरलेली दिसते.

फाइलच्या पोटातही नाव लिहिता येतं. आयपीटीसी मेटाडेटामध्ये (फाइलसोबत साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या ठरीव रकान्यांमध्ये) निर्माता, श्रेयओळ, कॉपीराइट सूचना आणि वापराच्या अटी यांचे वेगवेगळे रकाने आहेत. श्रेय आणि परवानगी तिथेही एका रकान्यात नाहीत. निर्यातीच्या प्रीसेटमध्ये हे एकदा भरलं की प्रत्येक फाइलला आपोआप लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर फाइल दाबली जाते आणि ही माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, किंवा फोल्डरची लिंक द्यावी. स्क्रीनशॉटमध्ये तर यातलं काहीच येत नाही, पिक्सेलही फोनच्या पडद्याएवढेच. मेकअपवालीने स्क्रीनशॉट घेतला याचा राग येण्याआधी तिला चांगली फाइल वेळेत मिळाली होती का, हे पाहावं.

प्रत्येक व्यावसायिकाला आठ ते पंधरा फोटो पुरेत. चारशे फोटोंची लिंक पाठवणं ही मदत नाही. त्यातून निवडायला तिला वेळ नसतो, आणि नको तो फोटो हमखास निवडला जातो.

परवानगी, चार ओळींत

कायदेशीर भाषा लागत नाही. फोल्डरसोबत हा मजकूर जावा आणि समोरून "मान्य" असं लेखी उत्तर यावं:

"या फोल्डरमधले १२ फोटो तुम्ही तुमच्या संकेतस्थळावर, सोशल मीडियावर आणि छापील माहितीपत्रकात वापरू शकता. मुदत नाही. कापून लहान केले तरी चालतील. फिल्टर लावू नयेत. फोटोसोबत स्टुडिओचं नाव द्यावं. पैसे भरून केलेली जाहिरात, होर्डिंग, किंवा दुसऱ्या कोणाला फोटो देणं यासाठी आधी विचारावं. जोडप्याने सांगितल्यास फोटो सात दिवसांत काढून टाकावा."

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. फुलवाली आपल्याकडचा फोटो भरवशाने फुलांच्या घाऊक व्यापाऱ्याला देते, तो आपल्या फलकावर लावतो. तिसऱ्या हातात जाईपर्यंत श्रेय गळालेलं असतं आणि परवानगी तर कधी नव्हतीच. कार्यालयवाला तोच फोटो पाच मीटरच्या होर्डिंगवर छापतो आणि नवरी तो रस्त्यात बघते. तिचा फोन स्टुडिओलाच येतो.

फोटो फुकट द्यायचे की शुल्क घ्यायचं, यावर मतं दोन आहेत. छोट्या व्यावसायिकाला नेहमीच्या वापरासाठी फुकट द्यावेत, जाहिरात किंवा होर्डिंगसाठी शुल्क घ्यावं, ही वाटणी बरोबर वाटते. एकट्याने काम करणारी मेकअपवाली आणि शंभर खोल्यांचं कार्यालय यांना एकच नियम लावण्यात काही न्याय नाही. आणि फोटोंच्या बदल्यात "आमचंच नाव सुचवा" अशी अट घालू नये. ती आली की फोटो म्हणजे कमिशन होतो, आणि ग्राहकाला ते सांगितलेलं नसतं.

वेळेचा क्रमही ठरलेला असावा. आधी जोडप्याला पहिले फोटो, मग त्यांचा होकार, मग व्यावसायिकांचा संच. पूर्ण अल्बमला काही आठवडे लागोत, हा छोटा संच दहाएक दिवसांत जायला हवा. उशिरा पोचला तर तोवर स्क्रीनशॉट पोस्ट होऊन गेलेला असतो.

कधी जोडपं नंतर मन बदलतं. टॅग काढणं दोन क्षणांचं काम, तेही स्टुडिओच्याच हातात. दिलेली फाइल मात्र परत येत नाही, ती फक्त वापरायची थांबवता येते. त्यासाठी कोणाला कोणते फोटो कोणत्या तारखेला दिले याची एक साधी यादी स्टुडिओकडे असावी: लग्नाची तारीख, व्यावसायिकाचं नाव, फाइलचे क्रमांक, "मान्य" आल्याची तारीख. ती नसेल तर सात दिवसांत फोटो काढून टाकायला नेमकं कोणाकोणाला सांगायचं, हेच आठवत नाही.