नेटवर्क तपासणीची साधने

यंत्र जाळ्यावर हजर आहे का, पॅकेट (पाठवलेल्या डेटाचा तुकडा) कोणत्या वाटेने जाते, कोणत्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांकित दारावर) कोणता प्रोग्रॅम ऐकत बसला आहे आणि केबलमधून नेमके काय वाहते, हे पाहण्यासाठी वापरले जाणारे छोटे प्रोग्रॅम. पिंग, ट्रेसराऊट, टीसीपीडंप, नेटकॅट, एनमॅप, वायरशार्क ही त्यांतली परिचित नावे. जुनी साधने बिघाड शोधण्यासाठी लिहिली गेली, पण घुसखोराची पाहणीही त्यांच्यापासूनच सुरू होते. त्यामुळे आपले नेटवर्क बाहेरून कसे दिसते हे प्रशासकाने आधी स्वतः पाहून घ्यावे, हा त्यांचा सुरक्षेतला मुख्य उपयोग. आज्ञा देणे सोपे असते. उत्तराचा अर्थ लावताना माणसे फसतात.

पिंग माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. ते आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी व चौकशा कळवणाऱ्या संदेशपद्धतीचा) प्रकार ८ चा संदेश पाठवते आणि प्रकार ० चे उत्तर येण्याची वाट पाहते. उत्तर आले तर त्या पत्त्यावर कोणीतरी आहे एवढे ठरते. न आल्यास काहीच ठरत नाही: यंत्र बंद असेल, वाट तुटली असेल किंवा फायरवॉलने (नको ती पॅकेट अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) संदेश गिळला असेल.

पिंग बंद केले की यंत्र लपले, या समजुतीने काही जण सगळेच आयसीएमपी अडवतात. हे महागात पडते. इथरनेटवर पॅकेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइट. त्यातून आयपीच्या (पत्ते असलेल्या) शीर्षकाचे २० आणि आयसीएमपीच्या शीर्षकाचे ८ वजा जाता पिंगला १४७२ बाइट उरतात. वाटेत व्हीपीएनचा (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणारा) बोगदा असला की ही मर्यादा घटते, आणि पॅकेट मावत नसल्याचा निरोप राउटर आयसीएमपीच्या प्रकार ३, कोड ४ मधून देतो. तो निरोपच अडवला तर लॉगिन होते, छोट्या आज्ञांना उत्तर येते, पण मोठी फाइल मध्येच लटकते. तुकडे न करण्याची अट घालून पिंगचा आकार १४७२ पासून कमी करत नेला की खरी मर्यादा सापडते. आयपीव्ही६ मध्ये (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीत) तर शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधण्याचे कामही आयसीएमपीवरच चालते. तिथे सरसकट बंदी घातली की जाळेच बसते.

ट्रेसराऊट पॅकेटचे आयुष्य (किती टप्पे जायचे त्याची मर्यादा) १, २, ३ असे वाढवत प्रत्येक टप्प्यावरच्या राउटरला बोलते करते. मधल्या ओळींत नुसत्या चांदण्या आल्या आणि शेवटचा टप्पा तरी गाठला, तर वाट ठीक आहे. मधला राउटर उत्तर देत नाही, इतकेच. लिनक्सवर हे साधन मुळात यूडीपी (जोडणी न करताच डेटा पाठवण्याची पद्धत) वापरते आणि विंडोजवर आयसीएमपी, म्हणून दोन यंत्रांवरची उत्तरे जुळतीलच असे नाही.

एनमॅप हे गॉर्डन लायन यांनी ‘फ्योदोर’ या नावाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले पोर्ट स्कॅनर. टीसीपी (आधी जोडणी करून डेटा पाठवण्याची पद्धत) पोर्टाने जोडणीला होकार दिला तर पोर्ट उघडे, नकार दिला तर बंद, आणि काहीच आले नाही तर गाळलेले. स्वतःहून ते सर्वाधिक वापरातली १००० पोर्टच तपासते. कोणी रिमोट लॉगिन वरच्या एखाद्या अपरिचित क्रमांकाच्या पोर्टवर नेऊन ठेवले असेल तर ते निसटते. सर्व ६५,५३५ पोर्ट तपासण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. यूडीपीत मौनाचा अर्थ ‘उघडे किंवा गाळलेले’ असा दुहेरी निघतो. शिवाय बंद पोर्टाचा नकार लिनक्स साधारण सेकंदाला एकच पाठवते, त्यामुळे सगळी यूडीपी पोर्ट पाहायला १८ तासांहून अधिक वेळ जाऊ शकतो.

खरे निदान दोन उत्तरे शेजारी ठेवल्यावर होते. सर्व्हरवर बसून एसएस किंवा नेटस्टॅट (ऐकत असलेली पोर्ट दाखवणाऱ्या आज्ञा) चालवावे आणि त्याच पत्त्यावर बाहेरून एनमॅप सोडावे. समजा आत ०.०.०.०:३३०६ दिसते, म्हणजे डेटाबेस सर्व पत्त्यांवर ऐकतो आहे, पण बाहेरून ते पोर्ट गाळलेले दिसते. याचा अर्थ मध्ये फक्त फायरवॉल उभी आहे. तिचा एक नियम चुकला की डेटाबेस उघड्यावर. वापर त्याच यंत्रापुरता असेल तर डेटाबेस १२७.०.०.१ ला (यंत्राच्या फक्त स्वतःपुरत्या पत्त्याला) बांधावा. उलट, बाहेरून उघडे दिसणारे पोर्ट आत कुठेच नसेल, तर आधी राउटरवरचे किंवा कंटेनरचे (यंत्रातच वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे एका पोर्टवर आलेले दुसरीकडे वळवणे, पाहावे. तिथेही कारण सापडले नाही, तर त्या यंत्रावरच्या साधनांवर विश्वास ठेवू नये. रूटकिट (घुसखोराची उपस्थिती लपवणारा प्रोग्रॅम) सर्वांत आधी अशाच याद्यांतून स्वतःला वगळते.

टीसीपीडंप १९८८ चे. वायरशार्क १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी इथीरियल नावाने आणले आणि २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. दोन्ही पॅकेट पकडून उलगडतात. स्विचवर (यंत्रे जोडणाऱ्या पेटीवर) साध्या पोर्टाला बसल्यास स्वतःची आणि सर्वांसाठीचीच पॅकेट दिसतात; बाकीच्यांसाठी स्विचवर मिरर पोर्ट (इतरांच्या पॅकेटांची प्रत देणारे पोर्ट) लावावे लागते. आपल्याच यंत्रातून निघालेल्या पॅकेटांचे चेकसम (डेटा बरोबर आला का हे तपासणारा आकडा) चुकीचे दिसले तर बहुधा छेडछाड नसते. ते गणित नेटवर्क कार्ड नंतर करते. पकडलेल्या फाइलमध्ये पासवर्ड आणि कुकी (वेबसाइटवरची लॉगिनची ओळख) असू शकतात, म्हणून ती कोणालाही तशीच पाठवू नये. वायरशार्क रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नये, कारण पॅकेट उलगडणाऱ्या कोडमधल्या चुकांचाही हल्ल्यासाठी वापर होतो.

दुसऱ्याच्या नेटवर्कवर स्कॅन करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, आणि तीत पत्ते व वेळ नमूद असावी. परवानगी असली तरी जुने औद्योगिक नियंत्रक साध्या स्कॅननेही बंद पडू शकतात. ९१०० पोर्टवर येईल ते अनेक प्रिंटर मुकाट्याने छापत सुटतात. म्हणूनच पोर्टवरच्या प्रोग्रॅमची आवृत्ती ओळखताना एनमॅप ते पोर्ट आपणहून वगळते.