‘इम्पॉर्टंट’ लावूनही एडिटरमधला फॉन्ट का बदलत नाही?

‘वेबपानाच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) नियमाला इम्पॉर्टंट (!important, म्हणजे हा नियम वरचढ ठरवणारी खूण) जोडलं की एडिटरमधल्या, म्हणजे पानावरच्या लिहिण्याच्या चौकटीतल्या, मजकुराचा फॉन्ट बदलतोच,’ असं अनेक वर्षं सांगितलं जातं. समज स्वाभाविक आहे, कारण क्विलसारख्या एडिटरमध्ये मजकूर पानातल्याच डिव्ह या टॅगमध्ये असतो आणि तिथे हा उपाय बहुधा चालतो.

टायनीएमसीई या दुसऱ्या एडिटरच्या नेहमीच्या मोडमध्ये मात्र मजकूर आयफ्रेममध्ये असतो. आयफ्रेम म्हणजे पानाच्या आत बसवलेलं दुसरं पान, वेगळा डॉक्युमेंट. बाहेरचे नियम, वारशाने येणारा फॉन्ट, सीएसएस व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली मूल्यं), काहीच आत पोचत नाही. इम्पॉर्टंट फक्त एकाच डॉक्युमेंटमधल्या नियमांची चढाओढ सोडवतं.

खात्री करायला मजकुरावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. वरच्या टॅगांमध्ये आयफ्रेम दिसला, तर वेगळी सीएसएस फाइल टायनीएमसीईच्या ‘कंटेंट_सीएसएस’ (content_css) या सेटिंगमधून द्या. देवनागरी फॉन्टचा फॉन्ट-फेस नियमही (फॉन्टची फाइल कुठून घ्यायची ते सांगणारा) त्याच फाइलमध्ये हवा; हा हमखास राहून जातो.