सक्युलंट आणि नागपूरच्या रात्री

नागपुरात सक्युलंट, म्हणजे जाड पानांत-खोडात पाणी साठवणारं झाड, कधी आणावं? दसरा झाला की. मृगाचा पहिला पाऊस पडला की लोक नर्सरी गाठतात. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांच्यासाठी ती वेळ चांगली असते, पण इचेव्हेरियासारख्या गुलाबाकृती सक्युलंटसाठी वर्षातली सगळ्यात वाईट. जूनमध्ये आणलेलं झाड पोळ्यापर्यंत खोडाशी काळं पडतं आणि दोष नागपूरच्या उन्हाला दिला जातो. ऊन काही अंशी दोषी आहेच, पण मोठी अडचण रात्रीच्या उकाड्याची आणि त्या उकाड्यात घातलेल्या पाण्याची असते.

बहुतेक झाडं दिवसा पानांवरची पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्याच छिद्रांतून पाण्याची वाफही निघून जाते. बरेच सक्युलंट दिवसा ही छिद्रं जवळजवळ बंद ठेवतात आणि हवा गार झाल्यावर रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठतो आणि दिवसा बंद दाराआड, सूर्यप्रकाश वापरून त्याची साखर होते. या पद्धतीला ‘कॅम’ म्हणतात. तिची एक जुनी नोंद भारतातलीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना पानफुटीची पानं सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू लागली. त्यांचं हे निरीक्षण 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. (चाखून बघण्याच्या फंदात पडू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.)

हा सगळा कारभार रात्र गार असेल तरच नीट चालतो. इचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या आहेत, जिथे दिवस तापला तरी रात्री पारा भराभर उतरतो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरी 12-13 अंश असतं. ते या झाडांना मानवतं. मेमध्ये मात्र कमाल 42-43 आणि किमान 28 अंशांच्या आसपास असतं आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, तर रात्रीही भिंती गरमच राहतात. अशा रात्री पानात आम्ल कमी साठतं, श्वसनात साखर जास्त खर्च होते आणि झाड वाढ थांबवून बसतं. वाढ थांबली की मुळं पाणी ओढत नाहीत. मग कुंडीत घातलेलं पाणी कोमट मातीत तसंच राहतं आणि बुरशीला याहून सोयीचं काही नसतं.

म्हणून इथला सक्युलंटचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. कुंडी बदलणं, खत देणं, पानापासून नवीन रोप करणं, सगळं याच साडेचार महिन्यांत उरकायचं. मार्च ते सप्टेंबर काम एकच, आहे ते झाड टिकवणं.

मातीचा विचार पाण्याआधी करायला हवा. विदर्भाची काळी माती कपाशीला उत्तम, पण सक्युलंटच्या कुंडीत ती चमचाभरही नको. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीतले चिकणकण अतिशय बारीक असतात. ते पाणी धरून फुगतात आणि वाळले की आकसतात. फुगलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या उरत नाहीत. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट कमी असतो, त्यामुळे अशा मातीत मुळं आधी गुदमरतात आणि सडण्याची पाळी नंतर येते.

घरी करता येणारं मिश्रण असं. एकच वाटी मापाला घ्या. दोन वाट्या जाड रेती, एक वाटी पक्क्या विटांचा चुरा, एक वाटी मुरूम, एक वाटी पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. रेती कन्हानची असो की आणखी कुठली, प्लास्टरसाठी चाळलेली बारीक रेती चालत नाही. कण साधारण 2 ते 5 मिलिमीटरचे हवेत. रेती, चुरा आणि मुरूम तिन्ही चहाच्या गाळणीत हलवून खाली पडणारी धूळ टाकून द्या, नाहीतर तीच पोकळ्या बुजवते. कच्च्या विटेचा चुरा दोन-तीन पाण्यांतच चिखल होतो, म्हणून वीट खणखणीत भाजलेली बघून घ्या. मिश्रण जमलं की नाही हे ओळखणं सोपं आहे: 4 इंची कुंडीत अर्धा पेला पाणी ओता. ते वर न साचता काही सेकंदांत तळातून बाहेर यायला हवं. साचलं तर रेती वाढवा.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुधा कोकोपीटमध्ये असतं. कोकोपीट ओलं असताना भरपूर पाणी धरून ठेवतं आणि पूर्ण वाळलं की पटकन भिजतच नाही, पाणी कडेने वाहून जातं. म्हणून आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून, मुळांभोवतीचा कोकोपीट हाताने मोकळा करून झाड नव्या मिश्रणात लावा. त्यानंतर चार-पाच दिवस पाणी घालू नका. हाताळताना तुटलेल्या मुळांच्या जखमा तेवढ्यात सुकतात.

कुंडी मातीची, तळाला छिद्र असलेली आणि झाडाच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठी. ‘वाढायला जागा’ म्हणून मोठी कुंडी घेण्याची सवय इथे अंगाशी येते, कारण मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. छिद्र नसलेले चिनी मातीचे कप शोकेसमध्ये शोभतात, पण झाडासाठी ते निरुपयोगी. तळाशी गिट्टीचा थर घालण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, त्याचाही उपयोग नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, माती पूर्ण भरेपर्यंत वरच थबकतं. म्हणजे गिट्टीने ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. छिद्रावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा पुरे.

आता पाणी. हंगामात 4 इंची कुंडीला 100 ते 150 मिलिलिटर पाणी द्या, इतकं की तळातून बाहेर यावं. मग माती तळापर्यंत कोरडी होईपर्यंत काही नाही. थंडीत हे अंतर साधारण 10 ते 12 दिवसांचं पडतं, पण दिवस मोजण्यापेक्षा कुंडी उचलून वजन बघणं किंवा अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून बघणं जास्त भरवशाचं. काडी ओलसर निघाली तर थांबा. रोज थोडा फवारा मारण्याची पद्धत सगळ्यात वाईट. त्याने वरची माती ओली राहते, खालची मुळं कोरडी राहतात आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचतं.

एप्रिल-मेमध्ये गणित बदलतं. कोरड्या हवेत मातीची कुंडी दोन दिवसांत वाळते आणि बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलेलं आहे. ते झोपलेलं असतं. या काळात 8-10 दिवसांनी 40-50 मिलिलिटर पुरतं, तेही फक्त केसासारखी बारीक मुळं मरू नयेत म्हणून. वेळ पहाटेचीच, कारण माती तेव्हा सगळ्यात गार असते. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी मेमध्ये हात भाजेल इतकं तापतं, ते कुंडीत गेलं तर मुळं शिजतात. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या बाहेर आणि मातीवर पांढरे क्षार दिसू लागतात. थंडीत महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट मापाचं पाणी ओतून ते धुऊन काढा, शक्य असल्यास साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

उन्हाबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बाकीची झाडं दिवसा पानांतून वाफ सोडून स्वतःला गार करतात. सक्युलंटची छिद्रं दिवसा बंद, त्यामुळे भर उन्हात त्याचं पान हवेपेक्षाही कितीतरी अंश जास्त तापतं. वाळवंटी झाड म्हणून त्याला नागपूरच्या गच्चीत मेच्या उन्हात ठेवलं तर पानांवर आधी पांढरट, मग तपकिरी चट्टे पडतात. ते कधीच भरून येत नाहीत. मार्चच्या मध्यापासून 50 टक्क्यांची हिरवी नेट बांधा, किंवा सकाळी 10 पर्यंतचंच ऊन लागेल अशा पूर्वेच्या बाजूला झाडं हलवा. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत रेती भरा, म्हणजे मुळांना थेट आच लागत नाही.

घरातल्या खिडकीचा हिशेब जरा गमतीचा आहे. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे 45 अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत खोलवर येतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये दुपारी किंचित उत्तरेकडे कलतो. म्हणजे थंडीत जी खिडकी सगळ्यात चांगली, तिथे जूनमध्ये थेट ऊन जवळजवळ येतच नाही. झाडाची जागा वर्षातून दोनदा बदलावी लागते, ती यामुळे. प्रकाश कमी पडला की इचेव्हेरियाची पानं एकमेकांपासून लांब जातात आणि खोड काठीसारखं वर येतं. ताणलेलं झाड पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून नव्याने लावावा लागतो. उलट, डिसेंबरच्या गार रात्रींत पानांच्या कडा लाल-गुलाबी झाल्या तर तो रोग नाही. थंडी आणि भरपूर प्रकाश असला की लाल रंगद्रव्यं वाढतात, एवढंच.

कुलरच्या खोलीत ठेवावं का? रात्री तिथे चार-पाच अंश गार असतं, हा फायदाच. पण हवा दमट आणि खिडकी कुलरने झाकलेली. झाड ठेवायचंच तर झोताच्या बाहेर, दुसऱ्या खिडकीशी ठेवा आणि पाणी निम्मं करा.

जून लागला की खरी परीक्षा. नागपुरात वर्षभरात 1000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मृगाआधी सगळ्या कुंड्या पत्र्याखाली किंवा पारदर्शक शीटखाली घ्या, जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, दोन कुंड्यांत चार बोटं अंतर ठेवा म्हणजे वारा फिरेल. झडीच्या आठवड्यात पाणी अजिबात नाही. पानं किंचित सुरकुतली तरच, उघडीप बघून, सकाळी थोडंसं.

सुरकुतलेलं पान दोन वेगळ्या गोष्टी सांगतं आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. माती कोरडी आणि पान सुरकुतलेलं असेल तर तहान. पाणी द्या, दोन-तीन दिवसांत पान भरतं. माती ओली असूनही पान सुरकुतलेलं असेल तर मुळं सडली आहेत आणि आणखी पाणी म्हणजे शेवट. खालची पानं पिवळसर, पारदर्शक होऊन हात लावताच गळू लागली तर वाट बघू नका. झाड उपसा, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने खोड खालून चकत्या करत कापत जा. कापाच्या मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसेनासं होऊन हिरवट-पांढरा स्वच्छ भाग लागेपर्यंत कापायचं. एवढासा डाग ठेवला तरी सड पुन्हा वर चढते. कापलेला शेंडा सावलीत, हवेशीर जागी चार-पाच दिवस, पावसाळ्यात आठवडाभर वाळू द्या आणि मग कोरड्या मिश्रणावर टेकवून ठेवा. कृषी सेवा केंद्रातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून ओतणं हा नेहमीचा उपाय, पण ओल्या मातीत मुळं कुजवणाऱ्या पिथियमवर ते चालत नाही. औषधापेक्षा ब्लेड आणि कोरडेपणा जास्त कामाचे.

किडींत त्रासदायक पिठ्या ढेकूण. कपाशीवर तो विदर्भात ओळखीचा आहे, तसाच इथे पानांच्या बेचक्यात कापसाच्या पुंजक्यासारखा बसतो. मुंग्या कुंडीत ये-जा करताना दिसल्या तर आधी तोच शोधा. त्याच्या गोड स्रावासाठी त्या येतात आणि त्याला जपतात. कापसाच्या काडीवर 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन प्रत्येक पुंजका टिपा, आठवड्याने पुन्हा, कारण अंडी एका वेळेत संपत नाहीत. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करायची तर संध्याकाळीच. पण ज्या पानांवर पांढुरकी भुकटी असते त्यांच्यावर नको. ती भुकटी मेणाची, उन्हापासून वाचवणारी. तेलाने किंवा बोटाने पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही.

खत फारसं लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत). जास्त नत्राने पानं मऊ होतात आणि पहिल्याच पावसात जातात.

नवीन रोपं करायची तर नोव्हेंबर. पान आडवं हलवत, देठाच्या टोकासकट अख्खं निघायला हवं. अर्धवट तुटलेल्या पानाला मुळं फुटली तरी कोंब येत नाही. दोन-तीन दिवस वाळवून कोरड्या मिश्रणावर नुसतं ठेवा. मुळं दिसू लागली की हलका फवारा. तीन-चार आठवडे धरून चाला.

सुरुवात करणाऱ्याने रंगीत इचेव्हेरिया, लिथॉप्स आणि एओनियम यांच्या मागे लागू नये, फोटो कितीही सुंदर असोत. कोरफड, पानफुटी, स्नेक प्लांट, हावर्थिया, गॅस्टेरिया ही नागपूरला सोसणारी झाडं. हावर्थिया मुळात दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या सावलीत वाढतं, म्हणून ते घरातही तग धरतं. ‘जेड’ नावाने विकलं जाणारं छोट्या पानांचं झाड बहुधा पोर्चुलाकारिया असतं. ते दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही पद्धती वापरू शकतं, त्यामुळे उन्हाळ्यातही बऱ्यापैकी चालतं.

अडेनियम या जाड बुडख्याच्या फुलझाडाचं कॅलेंडर मात्र पूर्ण उलटं आहे. त्याला उकाडा हवा असतो. मार्चपासून ते पालवतं, तेव्हा पूर्ण ऊन आणि माती कोरडी होताच भरपूर पाणी द्या, मेमध्ये दोन-तीन दिवसांआड लागलं तरी चालेल. छाटणी आणि कुंडी बदलणं फेब्रुवारीच्या शेवटी. डिसेंबरात पानं गळाली की पाणी जवळपास बंद, महिन्यातून एकदा पुरे. बाकीच्या सक्युलंटच्या रांगेत ठेवून त्यांच्याच वेळेला पाणी घातलं, तर जाड बुडखा थंडीत आतून मऊ पडतो. अंगठ्याने दाबून दर आठवड्याला बघा.