प्रकाश, फिरकी आणि मधला पदार्थ

मेटामटेरियल, म्हणजे सूक्ष्म रचना घडवून बनवलेला कृत्रिम पदार्थ, वापरून परिवलन मोजण्याची चर्चा नवी वाटते, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे: फिरत्या वर्तुळात प्रकाश धावत असेल, तर वाटेतल्या पदार्थाने काही फरक पडतो का?

१९११च्या सुमारास जर्मनीत फ्रान्झ हारेस यांनी काचेचे प्रिझम गोलाकार मांडून फिरवले. फिरती काच प्रकाशाला किती ओढते, एवढेच त्यांना पाहायचे होते. १९१३मध्ये जॉर्ज सान्याक यांनी तसाच प्रयोग नुसत्या आरशांवर केला. उलटसुलट दिशांनी सोडलेल्या दोन किरणांपैकी फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्याला थोडे जास्त अंतर कापावे लागते आणि ते एकत्र आल्यावर पडणारे उजेड-अंधाराचे (व्यतिकरणाचे) पट्टे सरकतात; हाच सान्याक परिणाम. यातून ईथर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारे मानलेले माध्यम, सिद्ध झाले, असे सान्याक यांना वाटले. सापेक्षतेतूनही तेच उत्तर येते, हे मॅक्स फॉन लाउए यांनी आधीच दाखवले होते!

फरक असतो नगण्य, आणि तो वाढतो वेढलेल्या क्षेत्रफळाबरोबर. म्हणून १९२५मध्ये मायकेलसन आणि गेल यांनी पृथ्वीचीच फिरकी मोजायला अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये ६१२ बाय ३३९ मीटरचा पाइपांचा आयत टाकला आणि पाइपांतली हवा उपसली. पृथ्वी थांबवून शून्य कुठे ते पाहता येत नाही, त्यामुळे तुलनेसाठी आतच एक छोटा आयत ठेवला. एवढ्या खटाटोपातून पट्टा सरकला स्वतःच्या रुंदीच्या ०.२३ पट. पुढे १९६३मध्ये रिंग लेझर (बंद कड्यात फिरणारा लेझर) आला, १९७६मध्ये प्रकाशवाही फायबरची वेटोळी आली आणि तेच क्षेत्रफळ हातात मावू लागले.

व्हिक्टर व्हेसेलागो यांनी १९६०च्या दशकात ऋण अपवर्तनांकाचा, म्हणजे प्रकाशाला नेहमीपेक्षा उलट बाजूला वळवणारा, पदार्थ कागदावर मांडला होता. २०००च्या आसपास तांब्याच्या फटीदार कड्यांनी तो प्रत्यक्षात आला. मग साहजिकच वाटले, अपवर्तनांक हवा तसा घडवता येतो, तर सान्याक परिणामही फुगवता येईल. इथेच फसगत होते. पदार्थात प्रकाश रेंगाळतो, त्यामुळे फिरत्या मार्गाला सरकायला जास्त वेळ मिळतो. पण सोबत फिरणारा पदार्थ प्रकाशाला ओढतोही. दोन्ही परिणाम बरोब्बर कटतात आणि काळातला फरक निर्वातातल्याइतकाच राहतो. २०००मध्ये मंद प्रकाशाच्या जायरोस्कोपची (फिरकी मोजणाऱ्या उपकरणाची) कल्पना मांडली गेली, तीही याच मुद्द्यावर वादात सापडली.

वाट उरली ती अनुनादकाची, म्हणजे ठरावीक वारंवारतेचाच प्रकाश आत घुमवत ठेवणाऱ्या कड्याची. तिथे अपवर्तनांकापेक्षा तो वारंवारतेनुसार कसा बदलतो याला महत्त्व आहे, आणि कृत्रिम रचनेने नेमके तेच घडवता येते. २०१९मध्ये ‘अपवादात्मक बिंदू’जवळ, म्हणजे दोन कंपने एकरूप होतात त्या स्थितीजवळ, चालवलेल्या रिंग लेझरांनी फिरकीचा संकेत वाढवून दाखवला. पुढच्याच वर्षी, त्या लेझरांत गोंगाटही तितकाच वाढतो, हे समोर आले.